अंथरूण ओले झाले तर दोष कुणाचा?



हा लेख लिहावा की लिहू नये, याचा विचार मी वर्षभर केला. मी कचेरीत कारकून आहे. रात्रीच्या कॉलेजात शिकून बी. कॉम. झाले आणि गेली बावीस वर्षे आकड्यांच्या वह्या लिहिते आहे. मनातले लिहिण्याची सवय नाही. नोकरी सांभाळून वस्तीत महिला मंडळाचे काम करते. रेशनकार्ड, निराधार योजनेचे अर्ज, दारूचे गुत्ते, मुलींची शाळा या विषयांवर मी माईक हातात घेऊन कितीतरी वेळा बोलले आहे. 'बायांनो, अन्याय सहन करू नका, तोंड उघडा,' असे सांगितले आहे. पण वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मी स्वतः झोपेत अंथरूण ओले करू लागले, तेव्हा माझे तोंड दीड वर्ष उघडले नाही. नवऱ्यापुढेही नाही. त्या दीड वर्षात आमच्या संसाराचे जे नुकसान झाले, ते कोणाचे होऊ नये म्हणून हे लिहीत आहे.

आमचे घर येरवड्यात. दहा बाय बाराची खोली आणि वर पोटमाळा. पोटमाळ्यावर दोन मुले, खाली कॉटवर सासूबाई आणि जमिनीवर आम्ही दोघे. थंडीचे दिवस होते. पहाटे तीनच्या सुमारास जाग आली ती अंगाखालच्या ओलीने. आधी वाटले, पाळी लवकर आली. मग वास आला आणि काय झाले ते कळले. शेजारी मुलांचे पप्पा झोपले होते. मी हळूच उठले, उशाचा पाण्याचा तांब्या घेतला आणि गोधडीवर ओतला. ते जागे झाले तेव्हा म्हटले, "तांब्या सांडला हो माझ्या हातून." आयुष्यात खोटे बोलायचा मला राग आहे. पण त्या रात्री खोटे किती पटकन सुचले, याचे मला आजही आश्चर्य वाटते.

आठ-दहा दिवसांनी पुन्हा तेच झाले. मग आठवड्यातून दोनदा, तीनदा होऊ लागले. तांब्या काही रोज रोज सांडत नाही. मी संध्याकाळी पाचनंतर पाणी पिणे बंद केले. जुन्या साडीच्या घड्या घेऊ लागले, गोधडीखाली मेणकापड घातले. रात्री एक वाजता आणि चार वाजता उठण्यासाठी मोबाईलचा गजर लावून तो उशीखाली ठेवू लागले. पहाटे वस्ती उठायच्या आत नळावर गोधडी धुवायची. भिजलेली गोधडी एकट्या बाईच्या हाताने पिळणे म्हणजे काय, हे ज्यांनी केले त्यांनाच ठाऊक. पत्र्यावर वाळत घातलेली गोधडी बघून शेजारच्या मावशी विचारायच्या, "ताई, रोज काय गोधड्या धुता?" मी म्हणायची, "ढेकूण झालेत." कचेरीत डोळे मिटायला लागले. ज्या हाताने कधी बेरीज चुकली नव्हती, त्या हाताच्या बेरजा साहेब परत पाठवू लागले.

हे सगळे एक वेळ सोसता आले असते. खरा घाव वेगळ्याच ठिकाणी बसला.

दुसऱ्या बाळंतपणात मला फार त्रास झाला होता. तेव्हापासून खोकताना, पाण्याचा हंडा उचलताना लघवीचे दोन-चार थेंब जायचे. बाईच्या जन्माला हे असायचेच, असे समजून मी कधी कोणाला सांगितले नाही. आता रात्रीचे सुरू झाल्यावर मनात भीती बसली. नवरा-बायको जवळ आल्यावर तसेच झाले तर? एकदा झालेही. थोडेसेच झाले, त्यांच्या ध्यानातही आले नसावे. पण मी दगडासारखी झाले. त्यानंतर ते जवळ आले की माझी कंबर दुखायची, डोके दुखायचे, उद्या लवकर उठायचे असायचे. पुढे मी माझे अंथरूणच वेगळे केले, मोरीजवळ. कारण सांगितले, "सासूबाईंना रात्री उठवावे लागते."

माणूस साधा आहे, रिक्षा चालवतो. त्यांनी कधी जबरदस्ती केली नाही, तोंड वाकडे केले नाही. पण हळूहळू गप्प झाले. मग रात्रपाळीला रिक्षा काढू लागले. मी कामावर निघायची तेव्हा ते झोपलेले असत, मी यायची तेव्हा ते निघालेले असत. एका खोलीत राहून आम्ही एकमेकांना रविवारीच भेटू लागलो. मला वाटे, यांना कळले असावे आणि किळस आली असावी. त्यांना काय वाटत होते, ते मी विचारलेच नाही.

ही कोंडी सासूबाईंनी फोडली. त्यांनी पंच्याहत्तरी ओलांडली आहे. शाळा पाहिली नाही, जन्म बिगारकामात गेला. एके दिवशी माझ्या गोधडीखालचे मेणकापड त्यांच्या हाती लागले. घरात कोणी नव्हते. त्या म्हणाल्या, "तुला बी व्हतंय व्हय? मला बी व्हायचं." धाकट्या मुलाच्या बाळंतपणानंतर त्यांना तो त्रास सुरू झाला होता. मामंजींनी त्यांची वाकळ पडवीत टाकली. "बारा वरसं म्या पडवीत निजले. लोकास्नी सांगायचे, हिला आत उकडतंय." मी विचारले, "थंडीतसुद्धा?" त्या म्हणाल्या, "थंडीत बी." थोडा वेळ आम्ही दोघी काही बोललो नाही. मग त्या म्हणाल्या, "त्यो त्याच्या बापासारका न्हाई. त्याला सांग. न्हाईतर म्या सांगते."

मी मोरीजवळ अंथरूण घातले होते ते स्वतःच्या हाताने. मला कोणी हाकलले नव्हते. सासूबाईंची पडवी मीच माझ्यासाठी तयार केली होती, हे त्या दिवशी कळले.

घरात बोलायला आडोसा नाही. म्हणून संध्याकाळी मी त्यांच्या रिक्षात बसले आणि म्हटले, "बंडगार्डनच्या पुलाकडे घ्या." नदीच्या कडेला रिक्षा उभी करून, त्यांच्या पाठीकडे बघत मी सगळे सांगितले. तोंडाकडे बघून जमले नसते. ते बराच वेळ मागे वळले नाहीत. मग म्हणाले, "मला वाटलं, तू आता शिकलेली, कचेरीतली. तुला माझा कंटाळा आला. माझ्या अंगाला रिक्षाचा वास येतो, तो तुला नको झालाय." मी म्हटले, "मला वाटत होतं, तुम्हाला माझा वास येईल." दीड वर्ष आम्ही दोघे एकमेकांना आपलाच वास येईल म्हणून लांब राहिलो होतो! दुसऱ्या दिवशी त्यांनी धंदा बुडवला आणि मला दवाखान्यात नेले.

दवाखान्याचा पहिला अनुभव चांगला नव्हता. खिडकीवरच्या बाईंनी रांगेसमोर मोठ्याने विचारले, "काय होतंय? लघवी होते अंथरुणात? या वयात?" आतल्या डॉक्टरांनी तपासलेही नाही. "मुले झालीत ना? पिशवी काढून टाका," एवढेच म्हणाले. ती जागा कोणती, हे सांगून उपयोग नाही. तशा जागा पुष्कळ आहेत. सांगायचे आहे ते हे की आम्ही तिथे थांबलो नाही. दुसऱ्या दवाखान्यात एका डॉक्टर बाईंनी मला खुर्चीवर बसवले, दार लावले आणि पाऊण तास ऐकून घेतले. त्यांनी आधी मला एक वही दिली आणि म्हणाल्या, "तीन दिवस जमाखर्च लिहा. किती पाणी, चहा घेतला ते जमेला. किती वाजता, किती लघवी झाली, मोजून, ते खर्चाला." कारकून बाईला याहून सोपे काम काय? मी जुन्या मापाने मोजून लिहिले. एका रात्रीत मला पाऊण लिटरच्या वर लघवी होत होती. मूत्राशयात साधारणपणे चारशे-पाचशे मिलिलिटर मावते. पिशवीत अर्धा लिटर मावत असेल आणि पाऊण लिटर येत असेल, तर ती सांडणारच! यात माझ्या चारित्र्याचा, संस्काराचा किंवा आळसाचा प्रश्न आला कुठे?

रक्त तपासल्यावर शुगर निघाली. मला मधुमेह आहे हे मला माहीतच नव्हते. डॉक्टर बाईंनी समजावले की रक्तातील साखर साधारण १८० च्या वर गेली की ती लघवीतून बाहेर पडू लागते आणि जाताना पाणी ओढून नेते. म्हणून लघवी जास्त होते. त्यात लघवीला इन्फेक्शन होते. आणि बाळंतपणात खालचे स्नायू सैल होऊन मूत्राशय थोडे खाली उतरले होते. आपल्या बाया 'अंग बाहेर येते' म्हणतात, त्याची ती सुरुवात होती. तीन कारणे एकत्र आली होती आणि तिन्हींवर इलाज होता. 'पिशवी' म्हणजे गर्भपिशवी काढून यातले एकही बरे झाले नसते.

हे मी मुद्दाम लिहिते. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार बायांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्याचे प्रकरण उघड झाले आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. कोणी अंगावरून पांढरे जाते म्हणून, कोणी ओटीपोटात दुखते म्हणून गेली होती. गरीब बाई तक्रार घेऊन आली की तिचे ऐकून घेण्यापेक्षा अवयव काढणे काहींना सोपे वाटते. म्हणून कोणी असा सल्ला दिला, तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय होकार देऊ नका.

मोठ्या माणसाने झोपेत अंथरूण ओले करण्याची कारणे पुष्कळ आहेत. लघवीचे इन्फेक्शन, मधुमेह, जुनी बद्धकोष्ठता, मूत्राशय उतावीळ होणे, मणक्याचा किंवा मज्जातंतूंचा आजार, मोठ्याने घोरताना मध्येच श्वास अडकणे, पाळी गेल्यानंतर खालची त्वचा नाजूक होणे, झोपेच्या गोळ्या, रक्तदाबासाठी घेतलेली लघवीची गोळी रात्री घेणे. काही जणांचे लहानपणापासूनचे थांबतच नाही. ते बहुधा घराण्यात असते. रात्री शरीर एक हार्मोन सोडते, त्याने लघवी कमी तयार होते. काहींच्या शरीरात ते कमी पडते. आणि दिवसरात्र सतत लघवी गळत असेल, तर अडलेल्या बाळंतपणात मूत्राशय आणि योनिमार्ग यांच्यामध्ये भोक पडलेले असू शकते. त्याला ऑपरेशन लागते.

या ऑपरेशनची एक गोष्ट आपल्या वाचकांना ठाऊक असायला हवी. अमेरिकेतील मॉन्टगोमेरी गावी १८४५ ते १८४९ या काळात जे. मॅरियन सिम्स नावाच्या डॉक्टरने हे ऑपरेशन शोधून काढले. कोणावर प्रयोग करून? काळ्या गुलाम स्त्रियांवर. त्यांतील तिघींची नावे इतिहासाला माहीत आहेत: अनार्का, बेट्सी आणि लुसी. भूल न देता प्रयोग झाले. एकट्या अनार्कावर सुमारे तीस वेळा. डॉक्टरचा पुतळा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कशेजारी उभा होता, तो २०१८ मध्ये हलवण्यात आला. मॉन्टगोमेरीत २०२१ साली त्या तिघींचे स्मारक उभे राहिले. लघवी गळते म्हणून तोंड लपवणाऱ्या प्रत्येक बाईने हे लक्षात ठेवावे. आज जो इलाज आपल्याला मिळतो, त्याची किंमत अशा गुलाम बायांनी आधीच मोजलेली आहे. आपण लाजेने तो घेतला नाही, तर त्यांचे सोसणे आपल्यापुरते वाया जाते.

माझे पुढे काय झाले ते सांगते. शुगरच्या गोळ्या आणि पथ्य, इन्फेक्शनचा कोर्स आणि स्नायूंचा व्यायाम. १९४८ साली अमेरिकेतील डॉक्टर अर्नोल्ड केगेल यांनी हा व्यायाम जगापुढे मांडला. त्याला पैसा लागत नाही, जागा लागत नाही. लघवी आवरताना आपण जे स्नायू आत ओढतो, तेच आत ओढून पाच सेकंद धरायचे, मग तेवढाच वेळ सैल सोडायचे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. सवय झाली की दहा सेकंदांपर्यंत धरायचे. श्वास कोंडायचा नाही, पोट आणि मांड्या आवळायच्या नाहीत आणि लघवी करत असताना हा व्यायाम करायचा नाही. मी बसस्टॉपवर उभी राहून करते, कोणाला कळतही नाही. फरक पडायला तीन महिने तरी लागतात. माझे रात्रीचे चार महिन्यांत थांबले. पूर्ण बरी झाले असे म्हणणार नाही. जोरात शिंक आली तर आजही थेंब जातो. पण मोरीजवळचे अंथरूण मी उचलले.

अंथरूण उचलले म्हणून लगेच सगळे सुरळीत झाले नाही. दीड वर्षाची भीती एका दिवसात जात नाही. डॉक्टर बाईंनी यांनाही आत बोलावले आणि दोघांना समोर बसवून सांगितले. शरीरसंबंधाच्या वेळी लघवीचे थेंब जाणे हे पुष्कळ बायांना होते, पण बोलत कोणी नाही. आधी लघवीला जाऊन यावे. तासभर आधी जास्त पाणी, चहा घेऊ नये. खाली टॉवेल अंथरावा. पोटावर भार येणार नाही अशा रीतीने, कुशीवर, सावकाश. पाळी गेलेल्या बाईला कोरडेपणामुळे दुखत असेल, तर लावायचे औषध मिळते. आणि बाई 'आज नको' म्हणाली तर तो नवऱ्याचा अपमान नाही. तिला दुखत असेल, भीती वाटत असेल, ते विचारावे. हे ऐकताना माझी मान खाली होती. यांनी मात्र एक प्रश्न विचारला, "डॉक्टर, मला काही होणार नाही ना, हे नाही विचारायचं. हिला त्रास होऊ नये म्हणून मी काय करू?" त्या प्रश्नाने माझे अर्धे औषध झाले.

यंदाच्या वर्षावासात विहारात बायांची बैठक होती. मंडळाचा हिशेब झाल्यावर मी दार लावायला सांगितले आणि माझी गोष्ट सांगितली. हात थरथरत होते. दोन-तीन तरुण मुली तोंडाला पदर-ओढणी लावून हसल्या. नंतर हसणे थांबले. एका मावशीने हात वर केला. मग दुसरीने. घरी जायला रात्रीचे दहा वाजले.

एक मावशी कचरा वेचतात. पहाटे पाचला घर सोडतात, दुपारपर्यंत लघवीला जागा नाही. म्हणून पाणीच पीत नाहीत. सारखे इन्फेक्शन, सारखी जळजळ, आणि रात्री थकून झोपल्यावर कळतही नाही. वस्तीतल्या सार्वजनिक संडासात रात्री दिवा नसेल, बाहेर टोळकी बसत असतील, तर तरण्या मुलीही रात्रभर दाबून धरतात. हा फक्त आजार नाही, हा नागरी प्रश्नही आहे. आपल्या पुण्याच्याच 'मिळून साऱ्याजणी' मासिकाने आणि इतरांनी पुणे महापालिकेविरुद्ध जनहित याचिका केली होती. त्यावर डिसेंबर २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रस्त्यावर वावरणाऱ्या स्त्रियांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहे देणे हे महापालिकांचे कर्तव्य आहे, असे बजावले. आधार घेतला तो संविधानाच्या एकविसाव्या कलमाचा, प्रतिष्ठेने जगण्याच्या हक्काचा. बाईच्या लघवीचा प्रश्न संविधानात बसतो, तर तो आपल्या घरातल्या बोलण्यात का बसू नये?

दुसरी एक आई रडत म्हणाली, "माझ्या पोरीचं लहानपणापासून हाय. तेवीस वर्सांची झाली. मारलं, डाग दिले. आता स्थळं येतात, ती न्हाई म्हणते." डाग देऊन मूत्राशय सुधारत नाही, घाबरते. त्या मुलीला घेऊन मी स्वतः दवाखान्यात गेले. जुनी बद्धकोष्ठता आणि उतावीळ मूत्राशय. औषध चालू आहे, रात्री बऱ्याचशा कोरड्या जातात. तिच्या वडिलांनाही सोळा वर्षांपर्यंत हे होत होते, हे तेव्हा बाहेर आले. बापाचे कोणी लग्न मोडले नव्हते! मुलीने ठरवले आहे, लग्नाआधी मुलाला सांगायचे. एकाने नकार दिला. ती म्हणाली, "बरं झालं ताई, लग्नानंतर पडवीत घालण्यापेक्षा आधीच कळलं."

बायांनी शरीराचे दुखणे लपवणे हे आजचे नाही. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. शंभरातील ब्याण्णव बायांना स्त्रीरोगाचा काही ना काही आजार होता आणि आधी तपासणी झालेल्या होत्या फक्त आठ. ही दोन आकड्यांची ओळ मी वहीत लिहून ठेवली आहे. जमेला दुखणे ब्याण्णव, खर्चाला उपचार आठ. असा ताळेबंद कोणत्याही कचेरीत पास होणार नाही.

म्हणून भगिनींनो, एवढे करा. दिवसा पाणी भरपूर प्या. पाणी तोडल्याने लघवी कडक होते, वास वाढतो आणि मूत्राशय आणखी चिडते. झोपण्याच्या दोन-तीन तास आधी मात्र कमी करा, संध्याकाळचा चहा सोडा. झोपताना लघवीला जाऊन या. पोट साफ ठेवा. लघवी आणि शुगर तपासून घ्या. तीन दिवसांची वही लिहा आणि ती घेऊन ससूनमध्ये, महापालिकेच्या कमला नेहरू रुग्णालयात किंवा जवळच्या दवाखान्यात स्त्रीरोग विभागात जा. एकटीला लाज वाटली तर मैत्रिणीला घेऊन जा. रात्री लघवी कमी व्हावी म्हणून गोळी मिळते, पण ती दुकानातून मनाने घेऊ नका. अंगातील मीठ घसरून धोका होतो. लघवीतून रक्त, थंडी-ताप, पायांत अचानक बधिरपणा किंवा लघवी अडणे, यांतले काही असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि बांधवांनो, तुमच्या घरातील बाई रोज पहाटे गोधडी धूत असेल, वेगळी झोपत असेल, जवळ येताना आखडत असेल, तर लगेच संशय घेऊ नका, रागावू नका. एकदा शांतपणे विचारा, "तुला काही त्रास होतो का?" हा प्रश्न दीड वर्ष आधी आमच्या घरात कोणीच विचारला नाही, मीही नाही.

असल्या गोष्टी कौटुंबिक पानावर छापाव्यात का, असे काहींना वाटेल. त्यांना एक आठवण देते. रघुनाथ धोंडो कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे देत, म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली मुंबई उच्च न्यायालयात त्यांची बाजू मांडायला उभे राहिले ते बॅरिस्टर डॉ. बाबासाहेब आंबेडकर. अशा प्रश्नांना शास्त्राच्या आधारे उत्तर देणे म्हणजे अश्लीलता नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. तो खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण बाबासाहेबांना ज्या विषयावर कोर्टात बोलायची लाज वाटली नाही, त्यावर आपल्या घरात बोलायची लाज आपण का बाळगावी?

सासूबाई आता कॉट सोडून पोटमाळ्याखालच्या उबेच्या कोपऱ्यात झोपतात. त्यांनाही डॉक्टरांना दाखवले. या वयात जेवढे होईल तेवढे झाले. कधी रात्री ओले झाले, तर त्या हाक मारतात, "सूनबाई, उठ गं." मी उठते. हेही उठतात. ते गोधडीचे एक टोक धरतात, मी दुसरे. दोघांनी पिळली की गोधडी लवकर वाळते.

जयभीम.